काडतुसाची मान

(धागा लांब आहे. सवडीने वाचावा.)

पुण्याच्या जुन्या बाजारात भंगार पितळेच्या एका ढिगात मला एक रिकामी पुंगळी मिळाली. घंटा, नळाच्या तोट्या, मोडक्या समया यांच्या खाली ती पडली होती. बुडाच्या चकतीवर के आणि एफ ही दोन अक्षरे, त्यांच्यामध्ये बाणासारखी खूण आणि सालाचे दोन आकडे. के एफ म्हणजे 'कर्की फॅक्टरी', अर्थात आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना. हा कारखाना १८६९ साली सुरू झाला आणि आजही चालू आहे. पुंगळी .३०३ रायफलीची होती. बोलीभाषेत 'थ्री नॉट थ्री' म्हणतात तीच. विकणाऱ्याने वजनावर भाव केला आणि वर एक शेरा मारला : "घ्या, पण फुटकी आहे."

ती खरोखरच फुटकी होती. पुंगळी जिथे अरुंद होऊन गोळीला धरते, त्या भागाला काडतुसाची 'मान' म्हणतात. त्या मानेवर केसाएवढी बारीक, सरळ उभी चीर होती. या चिरेचा शोध घेताना मी एका अशा इतिहासात जाऊन पडलो, ज्याचे एक टोक हिंदुस्थानातल्या पावसाळी छावण्यांत आहे आणि दुसरे अमेरिकेतल्या घरगुती कामाच्या बाकावर.

आरंभ शब्दापासून करू. 'काडतूस' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांच्या 'कार्तुशो'वरून आला. मराठी वाचकाला काडतूस म्हटले की १८५७ आठवते. परंतु ज्या काडतुसाने तो भडका उडवला ते कागदाचे होते. शिपायाने ते दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. बार झाल्यावर त्यातले काहीही शिल्लक राहत नसे. म्हणजे 'रिकामे काडतूस' ही वस्तूच तेव्हा अस्तित्वात नव्हती. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट महत्त्वाची वाटावी, कारण एखादी वस्तू वापरानंतर उरू लागली की तिच्याभोवती नवे व्यवहार, नवे कायदे आणि नव्या शंका उभ्या राहतात.

ती वस्तू उरू लागली १८६०च्या दशकात. १८६६ या एकाच वर्षी दोन माणसांनी मध्यावर आघात होऊन पेटणाऱ्या धातूच्या काडतुसाला जवळजवळ आजचे रूप दिले. एक इंग्लंडच्या वुलिच येथील रॉयल लॅबोरेटरीचा प्रमुख एडवर्ड बॉक्सर, दुसरा अमेरिकेचा हायरम बर्डन. फरक होता तो बुडातल्या ठिणगीच्या टोपीत. टोपी ज्या ऐरणीवर आपटून पेटते, ती ऐरण बर्डनने पुंगळीच्याच बुडात घडवली आणि ठिणगी आत जाण्यासाठी तिच्या बाजूंना बारीक छिद्रे ठेवली. बॉक्सरने ऐरण टोपीतच बसवली, त्यामुळे बुडाच्या मधोमध एकच मोठे छिद्र पुरले. हा भेद क्षुल्लक दिसतो; पण मधोमध छिद्र असले की आतून एक सळई घालून वापरलेली टोपी सहज बाहेर ढकलता येते आणि पुंगळी पुन्हा वापरता येते. गंमत अशी की इंग्रजाची पद्धत अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची युरोपच्या बऱ्याच सैन्यांनी. अमेरिकेत घरोघरी काडतुसे पुन्हा भरण्याचा छंद फोफावला, त्यामागे बॉक्सरच्या या एका छिद्राचा मोठा वाटा आहे.

आता मानेकडे येऊ. सुरुवातीच्या पुष्कळ पुंगळ्या सरळ नळीसारख्या होत्या. १८७१ साली ब्रिटिश सैन्याने मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारली, तेव्हा तिची गोळी आधीच्या स्नायडर रायफलीच्या गोळीपेक्षा बारीक होती आणि दारू मात्र भरपूर हवी होती. सरळ नळी ठेवली तर काडतूस काठीसारखे लांब होत होते. म्हणून स्नायडरच्या .५७७च्या जाड पुंगळीला पुढे आवळून .४५०ची गोळी धरायला लावली. नावही तसेच पडले, .५७७/४५०. बाटलीला असते तशी मान काडतुसाला आली ती अशी.

पण त्या काळची ब्रिटिश पुंगळी पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी होती. जानेवारी १८८५ मध्ये सुदानात अबू क्लेआच्या लढाईत रायफली अडकल्या आणि त्याचा ठपका या गुंडाळीच्या काडतुसांवर आला. त्यानंतर एकसंध ओढून काढलेली पितळेची पुंगळी रूढ झाली : सत्तर भाग तांबे, तीस भाग जस्त. या मिश्रणाला इंग्रजीत आजही 'कार्ट्रिज ब्रास' असेच नाव आहे.

इथे थोडे थांबून पितळेचा स्वभाव समजून घ्यायला हवा, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. पुण्याच्या तांबट आळीत कधी उभे राहिला असाल तर हे शिक्षण तुमचे अर्धे झालेले आहे. तांबट पत्र्यावर हातोडीने ठोके घालत जातो तसा पत्रा कडक होत जातो. एका मर्यादेपुढे ठोकला तर तडकतो. म्हणून तांबट मध्येच भांडे भट्टीत तापवतो. धातू पुन्हा मऊ होतो आणि मग घडाई पुढे चालते. तांब्याचे जे, तेच पितळेचे. थंड अवस्थेत वाकवले, दाबले, ओढले की ते कडक होते आणि त्याच्या अंगात ताण साठून राहतो. बाहेरून काहीही दिसत नाही. भांडे निवांत फळीवर बसलेले असते, आत मात्र धातू स्वतःलाच ओढत असतो.

काडतुसाच्या मानेवर हे सर्वांत तीव्रतेने घडते. पुंगळी करताना ती आवळलेली असते. बार झाला की आतल्या दाबाने मान फुगून रायफलीच्या कोठीच्या भिंतीला चिकटते आणि दाब उतरताच थोडीशी मागे येते. ती मागे येते म्हणूनच रिकामी पुंगळी बाहेर निघते. पण ती पूर्वीइतकी मात्र होत नाही. नवी गोळी तिच्यात ठेवली तर सैल बसते, काही वेळा सरळ आत पडते. म्हणून पुंगळी पुन्हा भरायची तर मान पुन्हा आवळावी लागते. कठीण पोलादाच्या साच्यात मान दाबून गरजेपेक्षा किंचित बारीक करायची आणि मग आतून एक गुळगुळीत गोलक ओढून तिला नेमक्या मापावर आणायचे, ही नेहमीची रीत. म्हणजे दर फेरीत मान तीनदा ताणली जाते : एकदा बाराने, एकदा साच्याने, एकदा गोलकाने. काही फेऱ्यांनंतर ती उभी चिरते.

अमेरिकेत हे तंत्र आरंभी छंद म्हणून आलेले नाही, गरज म्हणून आले. १८७०च्या दशकात ग्रेट प्लेन्सवर बायसनची कत्तल चालली होती तेव्हा शार्प्स रायफली घेतलेले शिकारी शहरापासून शेकडो मैल दूर तळ ठोकत. तयार काडतुसे महाग आणि दुर्मीळ. त्यांत सर्वांत किमती भाग पितळी पुंगळीचा. तेव्हा शिकारी शिसे, दारू आणि टोप्या यांचा साठा गाडीतून नेत आणि रात्री शेकोटीपाशी बसून दिवसभराच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरत. दक्षिणेकडचा कळप दशक संपण्यापूर्वी आणि उत्तरेकडचा १८८३च्या सुमारास जवळजवळ नामशेष झाला. त्या मैदानांवर जगणाऱ्या आदिवासी जमातींचे अन्न त्याबरोबर संपले. रिकाम्या पुंगळीच्या काटकसरीचे कौतुक करताना तिचा हा हिशेब विसरला जातो. रिलोडिंगच्या छंदाविषयी आज जे रम्य लेखन होते त्यात शेकोटी असते, मैदान असते. मैदानावर पडलेली हाडे क्वचितच असतात.

१८८४ साली कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन येथे जॉन बार्लो याने 'आयडियल' नावाचा उद्योग सुरू केला. त्याची चिमट्यासारखी हत्यारे खिशात मावत आणि टोपी बदलणे, गोळी बसवणे अशी कामे त्यांनी होत. पुढे १९२५ मध्ये तो उद्योग लायमन कंपनीने विकत घेतला. काळ्या दारूचे दाब कमी होते, गोळ्या मऊ शिशाच्या होत्या, त्यामुळे मानेचे प्रश्न अजून सौम्य होते. काही अव्वल नेमबाज तर मान आवळतच नसत. हॅरी पोप (१८६१–१९५०) हा बंदुकीच्या नळ्या घडवणारा विख्यात कारागीर. त्याच्या पद्धतीत गोळी नळीच्या तोंडाकडून बसवायची आणि दारू भरलेली पुंगळी मागून घालायची. मानेला गोळी धरायचीच नसल्याने एकाच पुंगळीवर संपूर्ण स्पर्धा पार पडे. प्रत्येक बारानंतर तीच पुंगळी, नवी टोपी, नवी दारू. मानेचा प्रश्न त्याने सोडवला नाही, टाळला.

१८८६ साली फ्रान्सने धूरविरहित दारूची लेबेल रायफल आणली आणि सौम्य दिवस संपले. दाब वाढले, गोळ्या बारीक व वेगवान झाल्या, मान आवश्यक झाली. त्याच वेळी एक छुपा शत्रू उघड झाला. टोपीत पाऱ्याचे संयुग असे. काळ्या दारूची काजळी बहुतेक पारा शोषून घेई. नवी दारू काजळीच ठेवत नसल्याने पारा थेट पितळेत मुरू लागला आणि पुंगळी ठिसूळ झाली. एकदा वापरलेली पुंगळी दिसायला उत्तम असे, पण पुन्हा भरली की फुटे. पाऱ्याविना टोप्या रूढ झाल्या तेव्हाच आधुनिक पुनर्भरण खऱ्या अर्थाने शक्य झाले.

आता हिंदुस्थानकडे. .३०३ काडतूस ब्रिटिशांनी १८८०च्या दशकाअखेर स्वीकारले आणि ते येथे आले. त्याच सुमारास एक विचित्र तक्रार ऐकू येऊ लागली : पावसाळ्यात काडतुसे आपोआप तडकतात. कोणी बार केलेला नाही, कोणी आपटलेली नाहीत. पेटीत ठेवलेली, न वापरलेली काडतुसे उघडून पाहावीत तर मानेपाशी, गोळी आवळून धरलेल्या जागी, चिरा. उन्हाळ्यात प्रकार कमी, पावसाळ्यात जास्त. म्हणून इंग्रजांनी त्याला नाव दिले 'सीझन क्रॅकिंग', ऋतूची तडक. धातुशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हे नाव आजही आहे आणि जगभरचे विद्यार्थी ते शिकतात. त्यातला 'सीझन' म्हणजे आपला आषाढ-श्रावण, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येते.

नाव देणे म्हणजे समजणे नव्हे. दमट हवा, उष्णता, वाईट पितळ, निष्काळजी साठवण अशा सगळ्यांवर संशय गेला. धागा पहिल्यांदा हाती लागला तो ताणाचा. १९१४ साली जर्मन धातुशास्त्रज्ञ हाइन याने लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्सपुढील व्याख्यानात थंड घडाईने धातूत साठणाऱ्या अंतर्गत ताणांचे विवेचन केले. मग महायुद्ध आले, पितळी पुंगळ्यांचे डोंगर तयार झाले आणि प्रश्न निकडीचा झाला. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि कोडे उलगडले. तडकण्यासाठी दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. एक, धातूत साठलेला ताण. दुसरी, अमोनिया. ताण असलेले पितळ अमोनियाच्या सहवासात आले की धातूच्या कणांच्या सांध्यांतून चीर धावते. दोन्हींपैकी एक काढून घ्या, चीर पडत नाही.

अमोनिया कुठून आला? पावसाळ्यात सैन्याच्या हालचाली मंदावत आणि दारूगोळा कोरड्या छपराखाली ठेवला जाई. असे छप्पर बहुधा घोड्यांच्या पागेचे. घोड्याच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया आणि पावसाळी दमट हवा यांनी पेट्यांत शिरून आवळलेल्या मानांवर आपले काम केले. पाठ्यपुस्तके ही हकीकत बहुतेकदा कुठल्याही छावणीचे नाव न घेता सांगतात. मला तिच्यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. दोष ऋतूवर, म्हणजे पर्यायाने या देशाच्या हवेवर ढकलला गेला होता. प्रत्यक्षात ताण कारखान्यातून आलेला होता आणि अमोनिया सैन्याच्याच घोड्यांचा होता. पावसाने फक्त दार उघडे ठेवले.

उपाय साधा निघाला. पुंगळी घडवून झाल्यावर तिला मंद उष्णता द्यायची. तेवढ्याने अंगातला ताण निघून जातो आणि पितळेचा कडकपणा फारसा कमी होत नाही. मानेला मात्र त्याहून अधिक तापवून मऊ करतात, जेणेकरून ती गोळी धरेल, फुगेल, मागे येईल आणि चिरणार नाही. एक तापवणे ताण घालवण्यासाठी, दुसरे धातूच मऊ करण्यासाठी. दोन्हींची गल्लत करू नये. अमेरिकन लष्करी काडतुसांच्या मानेवर निळसर-तपकिरी छटा दिसते ती या दुसऱ्या आचेची. पुष्कळांना तो डाग वाटतो. नागरी बाजारात जाणाऱ्या काडतुसांवरून ती छटा घासून काढतात, कारण गिऱ्हाईकाला चकचकीत पितळ हवे असते.

मानेचा दुसरा हिंदुस्थानी अध्याय कायद्याचा आहे आणि मला तो पहिल्याइतकाच बोलका वाटतो. १८७८च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाच्या हातून शस्त्र आधीच काढून घेतले होते. शिकारी साहेब, संस्थानिक, परवानाधारक यांच्यापुढे प्रश्न होता तो बोरचा. मार्टिनी-हेन्री रायफली तोवर वायव्य सरहद्दीवर आणि सुदानात सरकारविरोधी हातांत पोहोचल्या होत्या. त्यांची गोळी .४५० बोरची. शिकारीची एक लोकप्रिय भारी रायफलही .४५०चीच. बाजारातले शिकारी काडतूस फोडून त्याचा माल मार्टिनीच्या रिकाम्या पुंगळीत भरला तर? सरकारचे भय नेमके हेच होते, पुनर्भरणाचे. १९०७ साली हिंदुस्थान व सुदानात .४५० बोरवर बंदी आली. सैन्याच्या .३०३ बोरचे दारही खासगी शिकाऱ्याला बंद होते.

लंडनच्या बंदूककारांनी कायद्याला शरण जाऊन कायदा टाळला. हॉलंड अँड हॉलंडने .५००च्या पुंगळीची मान आवळून .४६५ची गोळी बसवली आणि त्याला .५००/४६५ म्हटले. .४७०, .४७५, .४७६ अशी मापांची जी गर्दी एकाएकी उसळली ती या बंदीतूनच. हत्ती-वाघांच्या शिकारीच्या इंग्रजी पुस्तकांत ही मापे मोठ्या प्रौढीने येतात. वाचकाला वाटते की प्रत्येक माप काही सूक्ष्म शास्त्रीय विचाराने निघाले असेल. प्रत्यक्षात त्यांतली कित्येक सरकारी आज्ञापत्रापासून काही सहस्रांश इंच दूर सरकण्यासाठी निघाली. जिम कॉर्बेटची भारी रायफल .४५०/४०० होती. नावात .४५० असले तरी ते पुंगळीचे कूळ. मान आवळून गोळी मात्र.४०० वर्गातली. बंदी गोळीच्या मापावर असल्याने ती चालली.

ही परंपरा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली. 'प्रोहिबिटेड बोर' हा शब्दप्रयोग आपल्या परवान्यांत आजही आहे. नागरी हातांसाठी ईशापूरच्या कारखान्याने .३१५ बोरची रायफल बनवली. तिचे काडतूस मूळचे ऑस्ट्रियाच्या मान्लिखर रायफलीच्या घराण्यातले. .३०३ मात्र पोलिसांकडे राहिली, इतकी की नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवरही पोलिसांच्या हातांत तीच होती. एका विचारणाऱ्याला आधीच उत्तर देतो : आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याविना दारूगोळा तयार करता येत नाही. हा धागा इतिहासाचा आहे, कृतीचा नाही.

अमेरिकेत मात्र नेमके उलटे घडले. तेथे मानेशी खेळणे हा नागरिकांचा उद्योग झाला. सैन्याचे १९०६चे .३०-०६ काडतूस मुबलक होते, त्याच्या पुंगळ्या स्वस्त होत्या. कोणी तिची मान आवळून .२५ केली, कोणी १९२२ मध्ये ती फुगवून .३५ व्हेलन केली. १९२५ साली विंचेस्टरने त्याच घराण्यातून .२७० काढले. घरी जन्मलेल्या अशा मापांना 'वाइल्डकॅट' म्हणत. त्यांतली काही दशकानुदशके अनौरस राहून शेवटी कारखान्यात पोहोचली : .२५-०६ रेमिंग्टनने १९६९ साली अधिकृतपणे काढले, तोवर ते जवळपास अर्धशतक घरगुतीच होते.

दुसऱ्या महायुद्धात माल मिळेना तेव्हा घरगुती उद्योगाला नवे बळ आले. कॅलिफोर्नियातल्या ऑरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टनने १९४३ मध्ये .२२च्या वापरलेल्या छोट्या पुंगळ्यांपासून गोळ्यांची वेष्टने घडवणारे साचे बनवले. 'रॉक चक' नावाच्या बिळातल्या प्राण्याच्या शिकारीसाठी ते होते, त्याच आद्याक्षरांवरून आरसीबीएस हे नाव झाले. १९५८च्या सुमारास रिचर्ड ली याने विस्कॉन्सिनमध्ये त्याहून साधे साधन आणले. त्याचा रायफलीसाठीचा संच म्हणजे एक साचा आणि काही सळया. लाकडी हातोडीच्या ठोक्याने चालणारा. तो पुंगळीची फक्त मान आवळत असे, धड नाही.

'फक्त मान की संपूर्ण अंग?' हा वाद तेव्हापासून आजतागायत चालू आहे. मानेचा पक्ष म्हणतो : धड त्या रायफलीच्या कोठीच्या मापाने एकदा बसले आहे, त्याला का छेडावे? पितळ कमी शिणते, पुंगळी जास्त टिकते. अंगाचा पक्ष म्हणतो : काही फेऱ्यांनी धड घट्ट होते, काडतूस कोठीत जाताना अडते आणि अडण्याइतका अचूकतेचा शत्रू दुसरा नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात पहिला पक्ष भारी होता. आजचे अनेक अव्वल नेमबाज दुसऱ्याकडे झुकले आहेत, अर्थात अंग अगदी किंचित आवळून. तटस्थ वाचकाला हा वाद वेडगळ वाटेल. पण एक इंचाच्या सहस्रांशावर जय-पराजय ठरणाऱ्या स्पर्धेत मानेची पकड सगळ्या काडतुसांत सारखी असणे हेच सर्वस्व असते, आणि ती सारखी ठेवायची तर प्रत्येक मानेचा कडकपणाही सारखा हवा.

याच ध्यासातून १९७५ च्या सुमारास डॉ. लुई पामिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी ६ पीपीसी काडतूस घडवले. वर्षानुवर्षे अचूकतेच्या स्पर्धांवर त्याने राज्य केले. त्याची पुंगळी आली .२२० रशियन या काडतुसापासून, आणि ते आले सोव्हिएत ७.६२×३९ पासून, म्हणजे कलाश्निकोव्हच्या काडतुसापासून. शीतयुद्ध ऐन भरात असताना दोन अमेरिकन सोव्हिएत काडतुसाच्या नातवाची मान घडवत बसले होते.

आज या छंदातले जाणते लोक नवशिक्यांना दोन गोष्टी आवर्जून सांगतात. काही फेऱ्यांनंतर माना तापवून मऊ करा. आणि पुंगळ्या उजळायला अमोनिया असलेले पॉलिश वापरू नका. दुसरी सूचना देणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, सांगता येत नाही, की तिच्या मुळाशी हिंदुस्थानातली एक पाग आणि एक पावसाळा आहे.

खडकीच्या कारखान्यावर आज 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड' ही पाटी आहे. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे विभाजन झाले त्यातून ही कंपनी निघाली, तिचे मुख्यालयही पुण्यातच. माझी पुंगळी त्या भिंतीआड केव्हातरी ओढली गेली, आवळली गेली, तापवली गेली. टोपीवर आघाताचा खळगा आहे, म्हणजे बार झालेला आहे. चीर बाराच्या धक्क्याने पडली, की तो होण्याआधी एखाद्या दमट कोठारात, की पुढे भंगारात वर्षानुवर्षे पडून राहिल्यावर, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. त्यासाठी ती कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली धरावी लागेल : चीर धातूच्या कणांच्या सांध्यांवरून गेली असेल तर अमोनियाचा संशय, कणांना भेदून गेली असेल तर निव्वळ ताणाचा. अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका मित्राने प्रयोगशाळेत तसे करून देण्याची तयारी दाखवली आहे. कापायची की नाही, हे अजून ठरत नाही.